होडीचा तळ आणि नवी पेठेतला प्लाय

इतिहासाच्या बाई हा लेख वाचणार, म्हणून आधीच कबूल करते. बाई, नववीच्या सहामाहीत तुम्ही माझ्या पेपरवर ‘सनावळ्या पाठ, कारणे कुठे?’ असा शेरा मारला होता. आज कारणांसकट लिहिते आहे. विषय मात्र क्रमिक पुस्तकात नसलेला: शिडाच्या होडीचा कुजलेला तळ.

सोलापूरच्या मुलीला होडी कुठून आली, हा प्रश्न रास्त आहे. आपल्या लहानपणी पाणी म्हणजे नळाला येईल तेव्हा भरून ठेवायची वस्तू आणि तलाव म्हणजे सिद्धेश्वराचा. पण नवी पेठेतलं आमच्या अण्णांचं प्लायवूडचं दुकान तुमच्यातल्या कित्येकांना आठवत असेल. विज्ञान प्रदर्शनाचे निम्मे तक्ते तिथल्या उरलेल्या तुकड्यांवर उभे राहिले. पुढे पुण्यात नोकरीला लागले, धरणाच्या पाण्यावर शीड हाकायला शिकले आणि काही वर्षांपूर्वी एक पडून असलेली जुनी ‘एंटरप्राइज’ होडी विकत घेतली. सव्वातेरा फूट लांब, दोघांची, निळ्या शिडाची, सगळी प्लायची.

एका रविवारी किनाऱ्यावर होडी धुताना लेकीची टाच तळातून आरपार गेली. ती हसली, मीही हसले. आदल्याच रविवारी आम्ही दोघी त्याच तळावर बसून भर पाण्यात होतो, हे रात्री आठवलं आणि झोप उडाली. स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिलं तर मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालेलं. ओळखीच्या लोकांनी सांगितलं, जाळून टाक, फायबरची घे. मी अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, “जाळायच्या आधी एक तुकडा पाठव की इकडं.”

आता कारणं. प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एकाचे रेषे उभे तर दुसऱ्याचे आडवे, डिंकाने चिकटवलेले. त्याची सगळी अब्रू डिंकात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचं ‘मॉस्किटो’ हे विमान प्लाय आणि बाल्सा लाकडाचं होतं. सुरुवातीला ते दुधातल्या केसीनच्या डिंकाने जोडत. पुढे ‘एरोलाइट’सारखे कृत्रिम डिंक आले. १९४४च्या अखेरीस भारतात काही मॉस्किटोंचे पंख निखळले, तेव्हा इथली विमानं जमिनीवर उभी करावी लागली. बोट आधी आपल्या हवेकडे दाखवलं गेलं, पण चौकशीत कारखान्यातल्या जोडणीचे दोषही निघाले. (कोड माझ्या मशीनवर चालतो, तुमच्याकडेच काहीतरी गडबड आहे, हे आमच्या धंद्यातलं वाक्य तेव्हापासूनचं असावं.)

युद्ध संपलं आणि हे पाण्याला टिकणारे डिंक बाजारात आले. घराच्या मागच्या अंगणात होडी बांधणं साध्या माणसाच्या आवाक्यात आलं ते यामुळे. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये एंटरप्राइज आखली, ती एका वर्तमानपत्राच्या पाठबळावर, आणि जाहिरातीसाठी अशा दोन होड्या इंग्लिश खाडीपार नेल्या. १९६२ मध्ये पीटर मिल्न यांनी ‘फायरबॉल’ आखली, तीही प्लायची सपाट पानं वाकवून करता येईल अशी. १९८२चे एशियाड दिल्लीचे म्हणून आपल्याला पाठ, पण शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवलं ते याच फायरबॉल प्रकारात.

मुंबईचं नाव निघालं म्हणून ‘सुहेली’बद्दल सांगायलाच हवं. सागवानी फळ्यांची ही नौका कुलाब्यात बांधली गेली, १९६४च्या डिसेंबरात पाण्यात उतरली आणि १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून एकटे, कुठेही न थांबता जगाला वळसा घालून ३१२ दिवसांनी परतले. वाटेत तळाची फट गळू लागली, तेव्हा भर अटलांटिकमध्ये पाण्याखाली उतरून त्यांनी फटीत कापूस ठासला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. पुढे ती ग्रिनिचच्या संग्रहालयात ठेवली, तर तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आकसायला लागल्या. शेवटी परत पाण्यात न्यावी लागली.

माझ्या प्लायचं दुखणं नेमकं उलटं. अण्णांनी तो तुकडा आईच्या जुन्या पातेल्यात संध्याकाळभर उकळला. (सागरी प्लायच्या आयएस ७१० मानकात ७२ तास उकळण्याची परीक्षा आहे, आईने एवढीच मुभा दिली.) पापुद्रे सुटले नाहीत. “डिंक पास,” अण्णा म्हणाले, “लाकूडच खाल्लंय बुरशीनं. पाणी आतनं लागलंय, बाहेरनं नाही.” आणि तसंच होतं. धरणाच्या पाण्याने काही बिघडवलं नव्हतं. होडी वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली सुलटी ठेवलेली, आतल्या फासळ्यांखालची पाणी वाहून जायची भोकं चिखलाने बुजलेली आणि पावसाचं गोडं पाणी तिथे साचलेलं. ओल आणि हवा दोन्ही मिळाल्यावर बुरशीला आणखी काय हवं?

अण्णा स्वतः आले, सोबत दुकानावरचे जुने मिस्त्रीकाका. होडी उलटी टांगून आधी लाकडी साच्यात घट्ट बसवली. तळ काढला की बाकीची होडी झाकण काढलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी पिळवटते. मी तळ कापण्याआधी आणि नंतर कर्णांची मापं घेतली. चार मिलिमीटरचा फरक निघाला, तो साच्यातच काढला. प्लायचं पान आठ फुटांचं, होडी तेराची, म्हणजे सांधा आलाच. सहा मिलिमीटर जाडीच्या आठपट, ४८ मिलिमीटरचा तिरका उतार दोन्ही पानांना रंधून एकावर एक चिकटवायचा. मिस्त्रीकाकांनी तो नुसत्या नजरेने रंधला. मी मापून पाहिला आणि पट्टी गुपचूप खिशात ठेवली.

सगळ्यात जास्त वेळ मात्र कशाला लागला असेल, तर जुन्या कडा खरवडायला. दोन रविवार पटाशी आणि पॉलिशपेपर. मग कापलेल्या प्रत्येक कडेला एपॉक्सीचे तीन हात, कारण उघड्या कडेतूनच प्लाय पाणी पितो. पाणी जायची भोकं मी थोडी मोठी केली आणि लेकीला दर रविवारी त्यात तार फिरवायचं काम लावून दिलं. हल्ली होडी ठेवतो ती पालथी.

दिवाळीनंतर ती पाण्यात गेली. लेक पुढे, मी सुकाणूवर, तासभर फिरलो. किनाऱ्याला लागताच अण्णांचा सोलापूरहून फोन.

“पाणी आलं का आत?”

“कपभर.”

“कुठनं?”

“मधली फळी खाली सोडतात ना, त्या पेटीच्या कडेनं.”

“ती पेटी आपण केलीच नाही,” अण्णा म्हणाले, आणि फोन ठेवला.