मेहरूणच्या मात्रा

जळगावचे मेहरूण मराठी वाचकाला ठाऊक आहे ते तलावामुळे आणि बोरांमुळे. ह्या चार अक्षरी नावाचे संगणक कित्येकदा तीन तुकडे करतो : 'म', 'हर' आणि 'ण'. ह्या मोडतोडीला एक इतिहास आहे.

१९४३ साली मॅककलक आणि पिट्स यांनी मज्जापेशींच्या जाळ्याची गणिती प्रतिमा मांडली. असे जाळे कोणते घटनाक्रम ओळखू शकेल, ह्या प्रश्नाचे उत्तर तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये लिहिले. ते १९५६ साली प्रसिद्ध झाले. विकल्प, अनुक्रम आणि पुनरावृत्ती ह्या तीनच क्रियांतून त्यांनी जे व्याकरण उभारले, तेच आजचे रेग्युलर एक्स्प्रेशन. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी ते मजकूर शोधण्याच्या कामी आणले. स्मृतीविषयीचे चिंतन असे शोधाचे हत्यार झाले.

चित्रपटांचे खाजगी संग्रह आज ह्याच हत्याराने लावले जातात. फायलीच्या नावातले चार अंक म्हणजे वर्ष, त्याआधीचे ते शीर्षक, असा साधा नियम. मात्र '१९४२ : अ लव्ह स्टोरी' १९९४ चा आहे, हे नियमाला कळत नाही. मालेगावच्या हौशी चित्रपटकारांवरचा फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ चा. भारतातील चित्रपटगृहांत तो २०१२ मध्ये आला. त्यापुढे कोणते वर्ष लिहावे? पाठचिकित्सा करणाऱ्याला हा पेच नवा नाही.

देवनागरीचा पेच अधिक खोल आहे. युनिकोडमध्ये 'मेहरूण' म्हणजे सहा चिन्हे : चार व्यंजने, एक मात्रा, एक ऊकार. पायथॉन भाषेतील नेहमीच्या संचात 'शब्दातील अक्षर' ही खूण वर्ण आणि अंक तेवढेच स्वीकारते. स्वरचिन्हे तिच्या लेखी अक्षरे नव्हेत. जावास्क्रिप्टची तीच खूण तर रोमन वर्णमालेबाहेर जातच नाही. स्वरचिन्हांनाही शब्दाचा भाग मानावे, असे युनिकोडचे अठरावे तांत्रिक प्रमाणक सांगते. पण पाळणूक सर्वत्र नाही.

परिणामी, घरच्या लग्नाची किंवा अहिराणी गाण्याची चित्रफीत जपणारा माणूस नाव रोमनमध्ये लिहितो. तेथे मेहरूणची वर्णरचना ज्याची त्याची वेगळी, म्हणून शोध पुन्हा चुकतो. ज्या बोलीचे पुष्कळसे धन छापण्याआधीच ध्वनिचित्रफितींत साठते आहे, तिच्या अभ्यासकाला हा तपशील क्षुल्लक मानता येणार नाही. सूचीत न सापडणारी चित्रफीत असून नसल्यासारखीच.