बिठूरची पांढर

स्मरणिकेसाठी यंदा काहीतरी ऐतिहासिक द्या, असे मंडळाच्या संपादकांनी आरतीनंतर प्रसाद घेता घेता सांगितले. आरतीनंतर सांगितलेले काम टाळता येत नाही. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, नोकरी हिशेबखात्यात झाली. तरी गेल्या हिवाळ्यात आपण अलीगंजची मंडळी टेम्पो-ट्रॅव्हलर करून बिठूरला गेलो होतो, त्याबद्दल चार गोष्टी लिहाव्यात असे ठरवले.

सुरुवात मात्र विलायतेपासून करावी लागेल. चिरंजीव तिकडे नोकरीला असल्याने आम्ही उभयता दोन महिने इंग्लंडला राहून आलो. लंडनजवळ बर्कमस्टेड नावाचे गाव आहे, तिथे ‘किल्ला’ पाहायला नेले. रायगड-सिंहगड पाहिलेल्या माणसाला तो किल्ला वाटेना. चाळीसेक फूट उंचीची मातीची गोल टेकडी, तिच्या पायथ्याशी अंगण, भोवती खंदक, काही पडक्या भिंती आणि सगळ्यावर हिरवेगार गवत. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, तेव्हा त्याच्या लोकांनी गावोगाव अशी मातीची टेकाडे रचली आणि त्यांवर लाकडी बुरूज उभे केले. दगड नंतर आला, कित्येक ठिकाणी आलाच नाही. सौ. म्हणाल्या, “अहो, हे तर आपल्या गावच्या गढीसारखं दिसतंय!”

अगदी खरे होते ते. आमचे मूळ गाव नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढर. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडतात, त्यांच्या मातीवर नवी उठतात, चुलीची राख मिसळते आणि जमीन पांढुरकी होऊन उंचावते. आमच्या गावची गढी पावसाने खचत चालली होती आणि लोक तिची माती धाब्याच्या घरांवर टाकायला गाड्या भरभरून नेत. आम्ही पोरे तिथे खापराचे तुकडे वेचायचो, आजोबा ते फेकून द्यायला लावायचे. अशाच पांढरीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इनामगावला १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे खणती केली आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे उजेडात आणली. इंग्लंडातही यॉर्कशायरमधल्या व्हॅरम पर्सी या उठून गेलेल्या खेड्यात १९५० पासून चाळीस उन्हाळे लोक खणत होते. राजा नाही, लढाई नाही, नुसते शेतकऱ्यांचे खेडे. मेंढ्यांच्या कुरणापायी माणसे उठली, एवढीच त्याची कहाणी.

बर्कमस्टेडला आणखी एक गोष्ट कळली. लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे आखली जात असताना रूळ या टेकाडावरून जाऊ नयेत, अशी तरतूद १८३३ च्या कायद्यातच घातली होती. बाहेरचा थोडा भाग गेला, पण टेकडी वाचली. ते साल माझ्या डोक्यात रुतून बसले. १८३३ मध्ये आपले शेवटचे पेशवे बिठूरला होते.

आता बिठूर. कानपूरहून वीस-पंचवीस किलोमीटरवर, गंगेच्या उजव्या काठावर हे ब्रह्मावर्त आहे. मराठे येण्याच्या कितीतरी आधीपासूनचे हे स्थान. ताम्रयुगातली तांब्याची हत्यारे इथे सापडली आहेत, वाल्मीकींचा आश्रम दाखवतात, आणि गंगेवर ‘ध्रुव टीला’ नावाचे उंच टेकाड आहे. ध्रुवाने तप केले ते तिथेच, अशी श्रद्धा. जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले, सालीना आठ लाखांचे पेन्शन ठरले आणि राहायला हे क्षेत्र मिळाले. त्यांच्याबरोबर हजारो माणसे आली, आश्रित, भिक्षुक, शागीर्द, त्यांची बायकामुले. गंगेकाठी एक मराठी गावच उभे राहिले. १८५१ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, बाजीराव इथे नांदले. चिमाजीअप्पांच्या पदरचे मोरोपंत तांबे काशीहून इथे आले, त्यांची मनू इथेच वाढली आणि १८४२ मध्ये झाशीची राणी झाली. येवल्याचे तात्या टोपे इथलेच. वेणगावचे धोंडोपंत १८२७ मध्ये दत्तक घेतले गेले, ते नानासाहेब.

पेशव्यांवर नजर ठेवायला कंपनीने नेमलेले पहिले अधिकारी जॉन लो हे पुढे १८३१ मध्ये लखनौचे रेसिडेंट झाले. आपल्या रेसिडेन्सीचा आणि बिठूरचा हा धागा मला आधी ठाऊक नव्हता.

आमचे आजोबा दुसऱ्या बाजीरावाचे नाव निघाले की ‘पळपुटा’ म्हणून विषय संपवीत. त्या एका शब्दामुळे असेल, मी लखनौत तीस वर्षे राहूनही बिठूरला गेलो नव्हतो. बाजीरावांबद्दलचे माझे मत अजूनही फारसे बदललेले नाही. पण त्यांच्यामागे घरदार सोडून आलेल्या कारकुनांचा आणि आचाऱ्यांचा त्यात काय दोष? पोटासाठी उत्तरेत येऊन राहिलेले ते आपल्यासारखेच.

वाडा कुठे, म्हणून आम्ही बरेच फिरलो. नानारावांच्या नावाचे उद्यान आहे, पुतळे आहेत, मुलांनी फोटो काढले. पण वाडा? शेवटी एका वृद्ध नावाड्याला विचारले. तो म्हणाला, “पेसवा का महल? वही तो है, जिस पर आप खड़े हैं।” पायाखाली उंचसखल जमीन, झुडपे आणि विटांचे तुकडे होते. कोणी काही बोलले नाही.

१८५७ च्या जूनमध्ये सतीचौरा घाटावर आणि जुलैत बिबीघरात इंग्रज बायकामुलेही मारली गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यानंतर हॅवलॉकची फौज जुलैत बिठूरला आली, ऑगस्टमध्ये पुन्हा लढाई झाली, आणि डिसेंबरात होप ग्रँटने उरलेला वाडा व देवळे पाडली. विहिरीत बुडवलेला खजिना काढायला शिपाई कित्येक दिवस पाणी उपसत होते. आपल्या देशात जुन्या टेकाडाला कायद्याचे कुंपण घालणाऱ्यांनी इथे पाया सुद्धा ठेवला नाही.

आणि हे फक्त बिठूरचे नाही. सारा अवध मातीच्या गढ्यांनी भरलेला होता. रुंद तट, खंदक आणि भोवती बांबूचे दाट बन. तोफेचा गोळा दगड फोडतो, मातीत मात्र रुतून बसतो. १८०५ मध्ये यशवंतराव होळकर भरतपूरच्या मातीच्या तटाआड होते आणि लॉर्ड लेकचे चार हल्ले फुकट गेले, हे आपल्याला माहीत आहेच. तसेच हरदोई जिल्ह्यात रुइयाला झाले. १५ एप्रिल १८५८ रोजी वॉलपोलने नरपतसिंहांच्या गढीवर नेमका मजबूत बाजूने हल्ला केला, मागची बाजू कच्ची असताना! ब्रिगेडियर एड्रियन होप पडला, शंभरावर माणसे मेली वा जखमी झाली, आणि रात्री नरपतसिंह गढी सोडून सुखरूप निघून गेले. रायबरेलीकडच्या शंकरपूरहून राणा बेनीमाधवही नोव्हेंबरात असेच रातोरात निसटले. बंड शमल्यावर इंग्रजांनी अवधातल्या दीड हजारांहून अधिक गढ्या जमीनदोस्त करवल्या.

खुद्द लखनौत मच्छीभवन होते. चिनहटला हार झाल्यावर १८५७ च्या १ जुलैच्या मध्यरात्री इंग्रजांनी स्वतःच ते दारूने उडवले. त्या जागी आज मेडिकल कॉलेज आहे. आपल्यापैकी निम्म्या घरांतली माणसे तिथे औषधपाण्याला जातात, आणि चढ चढताना दम लागतो तो गढीचा, हे ध्यानात येत नाही.

परतताना गाडीत वाद झाला. एक जण म्हणाले, दाखवण्यासारखे काही उरलेच नाही तर पोरांना कशाला न्यायचे? मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. पण घरी आल्यावर नातवाच्या खिशात विटेचा एक तुकडा निघाला. मी आजोबांसारखा तो फेकायला सांगणार होतो. मग म्हटले, जागच्या जागी परत ठेवू. तुकडा सध्या देवघराच्या फळीवर आहे.

म्हणून दिवाळीनंतर पुन्हा बिठूर करायचे आहे, आणि जमल्यास दुसऱ्या रविवारी रुइया. गाडीत तेरा जागा आहेत, पैकी सहा भरल्या. मंडपात नाव नोंदवावे. पाण्याची बाटली आणि जुने बूट बरोबर असावेत, तिथे बाभळीचे काटे फार आहेत.