हरवलेल्या वस्तूंचा फकीर

आमच्या घरात काही हरवलं की अम्मा लगेच शोधायला लागत नसे. आधी ती एक अरबी वाक्य म्हणायची. कुणाच्या मौतीची खबर कानावर आली की जे म्हणतात, तेच. जे आहे ते त्याचं आहे आणि सगळ्यांना त्याच्याकडेच परतायचं आहे, असा त्याचा मथितार्थ. उलथनं सापडत नसलं तरी तेच वाक्य. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंची रीत वेगळी. त्या कार्तवीर्याचा श्लोक म्हणत. सहस्र हातांचा राजा तो. घरभर धुंडाळायला एवढे हात असलेला दुसरा कोण मिळणार?

तिसरी रीत मला वसईला राहायला आल्यावर कळली. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती मावशी राहत. किल्ली, रेशन कार्ड, कानातलं, काहीही हरवो, त्या भिंतीवरच्या आल्तारासमोर उभ्या राहून संत अंतोनीला हाक मारत. हाक कसली, दटावणीच ती. दुपारपर्यंत वस्तू सापडली नाही तर त्यांचा आवाज चढे.

१९९७ सालच्या पावसाळ्यात माझी कवितांची वही विरार लोकलमध्ये राहिली. चूक माझीच. छत्री सांभाळली आणि वही विसरलो. पाच वर्षांच्या कविता तिच्यात होत्या, पण खरी हळहळ वेगळ्याच पानांची होती. शेवटच्या दहा-बारा पानांवर नानीच्या तोंडून उतरवून घेतलेली जात्यावरची गाणी होती, आणि नानी त्याच्या दोन वर्षं आधी गेली होती. स्टेशनवर चौकशी केली, तीन दिवस त्याच वेळच्या गाडीच्या त्याच डब्यात चढलो. मावशींना कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "वही कसल्या रंगाची होती रे?" संताला खूण सांगायला नको का!

वहीचा शोध त्यांनी त्याच्यावर सोपवला आणि मी त्याच्याच शोधाला लागलो. पुढली कैक वर्षं, मिळेल तिथून, त्याच्याविषयी वाचत राहिलो.

पादुआचा म्हणून जगभर ओळखला जाणारा हा संत मूळचा पादुआचा नाहीच. तो लिस्बनचा, पोर्तुगीज. जन्म ११९५ च्या सुमाराचा, पाळण्यातलं नाव फर्नांदो. लिस्बन शहर पोर्तुगालच्या राजाने मुसलमानांकडून जिंकून घेतलं ते ११४७ साली. म्हणजे फर्नांदो जन्मला तेव्हा त्या गोष्टीला पन्नास वर्षंही झाली नव्हती. ज्या घरात तो जन्मला असं मानतात, त्याच्या जवळचं मोठं कॅथीड्रल मशिदीच्या जागेवर उभं आहे. मुलगा अभ्यासू. ऑगस्टिनियन मठात गेला, कोइंब्राच्या मठात ग्रंथांत रमला. १२२० साली मोरोक्कोत मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कन साधूंचे अवशेष कोइंब्राला आणले गेले आणि ह्याचं चित्त ग्रंथांवरून उडालं. त्याने पंथ बदलला, अंतोनी हे नाव घेतलं आणि तोही मोरोक्कोला निघाला. मुसलमानांना आपला धर्म सांगायचा आणि त्यात मरण आलंच तर ते पत्करायचं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जरा चरकलोच. ज्याच्यावर माझी वही शोधायची कामगिरी सोपवली होती, तो माझ्याच धर्मबांधवांच्या हातून हुतात्मा व्हायला निघालेला माणूस! पण झालं भलतंच. मोरोक्कोत पोचल्यावर तो आजारी पडला, महिनोन् महिने अंथरुणाला खिळला, आणि परत निघाला तर वादळाने जहाज सिसिलीच्या किनाऱ्याला नेऊन टाकलं. जिथे मरायला गेला तिथे मेला नाही आणि जिथून निघाला तिथे परतला नाही. तिथून पुढचं सगळं आयुष्य इटली आणि फ्रान्समध्ये गेलं. सुरुवातीला तर त्याला कुणी ओळखतही नव्हतं. १२२२ साली फोर्लीला ऐन वेळी प्रवचनाला दुसरं कुणी उभं राहीना म्हणून ह्याला उभं केलं, तेव्हा कुठे ह्या किरकोळ माणसाच्या जिभेवर काय आहे ते लोकांना कळलं.

आता गोष्ट वहीपाशी येते. असिसीच्या फ्रान्सिसचा पंथ म्हणजे आपल्या भाषेत फकिरांचा. घर नाही, शेत नाही, पैसा नाही. पुस्तकाच्या बाबतीत तर फ्रान्सिस फारच कडक. त्याची एक गोष्ट जुन्या आठवणींत नोंदलेली आहे. एक नवशिका शिष्य त्याच्याकडे स्तोत्रांची पोथी बाळगायची परवानगी मागत होता. दाऊदची ही स्तोत्रं, आम्ही त्यांना जबूर म्हणतो. फ्रान्सिस त्याला म्हणाला की आज तुला स्तोत्रांची पोथी हवी, उद्या प्रार्थनांचा मोठा ग्रंथ हवासा वाटेल, आणि परवा तू उंच खुर्चीत बसून भावालाच हुकूम सोडशील, माझा ग्रंथ आण म्हणून. अशा ह्या गुरूने अंतोनीला मात्र पत्र पाठवून बंधूंना धर्मशास्त्र शिकवायची परवानगी दिली. अट एकच, अभ्यासापायी प्रार्थना विझता कामा नये. अंतोनी बोलोन्याला शिकवू लागला, पुढे दक्षिण फ्रान्समध्ये गेला.

आणि हरवली ती नेमकी स्तोत्रांची पोथीच. काही जण ही घटना बोलोन्याची मानतात, बरेच जण माँपेलिएची. अंतोनीच्या पोथीत समासांत त्याने स्वतःच्या टीपा लिहिलेल्या होत्या. शिकवताना त्यावरच सगळी भिस्त. मठाला कंटाळलेला एक शिकाऊ साधू पळाला आणि जाताना ती पोथी घेऊन गेला. छापखाना यायला अजून दोन शतकं होती. पोथी म्हणजे मेंढराच्या किंवा वासराच्या कमावलेल्या कातड्याची पानं आणि लेखकूची महिनोन् महिन्यांची मेहनत; बाजारात तिला चांगली किंमत यायची. चोराने टीपांसाठी ती नेली नसणार हे उघड आहे. अंतोनीने प्रार्थना केली, आणि चोर पोथी घेऊन परत आला. नुसता परत आला नाही, पुन्हा मठात राहिला. नंतरच्या लोकांनी कथेत भर घातली की पुलावर सैतान कुऱ्हाड घेऊन आडवा आला आणि त्याने चोराला माघारी पिटाळलं. मला तो सैतान नसता तरी चाललं असतं.

मला ह्या कथेतली गोची आवडते. ज्याच्या पंथात मालकी हाच दोष, त्याने आपली वस्तू परत मागावी? मला वाटतं त्याने कातडं मागितलंच नाही, समास मागितले. किंमत पोथीला होती आणि जीव टीपांत होता. अर्थात हा एका वही हरवलेल्या माणसाचा तर्क आहे, तो तेवढाच धरावा.

पण मालकीचा हा प्रश्न अंतोनीला टळला नाही. फ्रान्सिस १२२६ साली गेला आणि पंथात वाद माजला. मठ वाढत होते, माणसं वाढत होती. मग छप्पर कुणाचं, ग्रंथ कुणाचे? १२३० साली पोप नववा ग्रेगरी ह्याच्याकडे निवाड्यासाठी एक शिष्टमंडळ गेलं, त्यात अंतोनी होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात पोपने निकाल दिला. त्याचं सार असं, की साधूंनी वस्तू वापराव्यात, मालक होऊ नये. वापर त्यांचा, मालकी त्यांची नव्हे. हे वाचलं आणि मला अम्मा आठवली, उलथनं शोधायच्या आधी ते वाक्य म्हणणारी.

दुसरी गोष्ट पादुआची. संतांच्या चमत्कारांपेक्षा मला तिचं अप्रूप जास्त. त्या काळी कर्ज फिटलं नाही की कर्जदार तुरुंगात जाई आणि तिथेच कुजे. १५ मार्च १२३१ ला पादुआ नगरीने नियम केला की कर्जदाराने आपली मालमत्ता सावकारांच्या हवाली केली तर त्याला कैदेत ठेवता येणार नाही. हा नियम अंतोनीच्या विनंतीवरून केला, अशी नोंद त्या शहराच्या कायद्यांतच आहे. ज्यांचं सगळंच गेलं त्यांची निदान सुटका तरी ह्या माणसाने मागितली. त्यानंतर तीन महिन्यांनी, १३ जूनला, तो गेला. वय पस्तीस-छत्तीस. एक वर्ष पुरं व्हायच्या आत, ३० मे १२३२ ला, त्याच ग्रेगरीने त्याला संत म्हणून घोषित केलं.

मग लोकांनी त्याला कामाला लावलं. स्पायरच्या ज्युलियन नावाच्या फ्रान्सिस्कनाने लवकरच त्याच्या नावे लॅटिन उपासना रचली. तिच्यात त्याच्या चमत्कारांची यादी आहे आणि त्या यादीत हरवलेल्या चीजवस्तूही आहेत. मृत्यू, रोग, समुद्र ह्यांच्या पंक्तीला हरवलेली वस्तू! आपल्या किल्ल्या आणि वह्या तिथून ह्या संताच्या खात्यावर जमा झाल्या. त्याचं दफन मंगळवारी झालं म्हणून मंगळवार त्याचा वार ठरला. १२६३ साली अवशेष हलवताना त्याची जीभ शाबूत सापडली, असं सांगतात. पोर्तुगालमध्ये तर १६६८ साली त्याला लागुशच्या पलटणीत शिपाई म्हणून भरती करून घेतलं आणि पुढे कॅप्टनपदी बढतीही दिली. पैशाला न शिवणाऱ्या फकिराच्या नावे सरकारी पगार लागला! आणि १९९१ सालच्या ऑक्टोबरात पादुआच्या बॅसिलिकेत बंदूकधारी घुसले आणि खुद्द त्याच्याच जबड्याची हाडं ठेवलेला करंडक घेऊन पळाले. डिसेंबरात तो रोमजवळ सापडला. तेवढे दोन महिने भाविकांनी कुणाला साकडं घातलं असेल?

मोरोक्कोत त्याचं जे राहून गेलं त्याचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. इस्तंबूलच्या इस्तिकलाल रस्त्यावर १९१२ साली पुरं झालेलं त्याच्या नावाचं मोठं चर्च आहे. तिथे मंगळवारी मेणबत्ती लावायला मुसलमान बायाही येतात, पुष्कळ येतात. अल्बानियातल्या लाच गावाजवळच्या त्याच्या स्थानाला जूनच्या यात्रेत कॅथलिकांबरोबर मुसलमानही चढून जातात. कम्युनिस्ट राजवटीने ते चर्च पाडलं होतं, तरी लोक लपूनछपून जातच राहिले. आमच्यातली काही कर्मठ मंडळी ह्याला नाक मुरडतील. ती मुरडतात दर्ग्यालाही. मागायचं तर थेट त्याच्याकडे मागा, मधे वसीला कशाला, हा त्यांचा सवाल जुना आहे आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्याची वस्तू हरवली आहे त्याला शेजारचा माणूस आधी आठवतो.

आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर, फ्रान्सिस्कन साधूंच्या झोळीतून आला. वसईच्या किल्ल्यात त्यांचं जे पडकं चर्च आहे ते ह्याच अंतोनीच्या नावाचं. छप्पर गेलंय, जमिनीवर पोर्तुगीज अक्षरांची थडगी आहेत, पावसाळ्यात त्यांवर शेवाळ चढतं. गोव्यात शिवोलीच्या चर्चमधल्या त्याच्या मूर्तीच्या हाती दोरीने बांधलेला साप आहे. चर्चचं बांधकाम अडवणाऱ्या नागाची कथा तिथे सांगतात. आणि फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणानंतर चाळीसएक वर्षांनी, १६५५ साली, आंतोनियु द साल्दान्य ह्या जेज्वीट पाद्रीने 'सांतु आंतोनीची जीवित्वकथा' इथल्या भाषेत, रोमन लिपीत छापली. अ. का. प्रियोळकरांसारख्या संशोधकाने तिच्याकडे लक्ष वेधलं नसतं तर तीही हरवल्यातच जमा होती.

माझी वही सापडली नाही. महिना झाला, दीड महिना झाला. एकदा मावशींकडे गेलो तर आल्तारावर संताची जागा रिकामी. विचारलं तर त्यांनी तांदळाचा डबा उघडून दाखवला. अंतोनी आत डोकं खाली, पाय वर. "वही देईल तेव्हा बाहेर येईल," त्या म्हणाल्या. ही शिक्षा मावशींच्या डोक्यातून निघालेली नव्हती. पोर्तुगालमध्ये आणि ब्राझीलमध्ये लोक त्याला असाच उलटा टांगतात, त्याच्या कडेवरचं येशूबाळ काढून घेतात. पण कुणासाठी तरी, आणि तेही माझ्यासाठी, तो शिक्षा भोगतो आहे हे मला बघवेना. तेरा मंगळवार मी त्याला तिथे कसा ठेवणार?

मी शंभर पानी वही विकत आणली. आठवतील तेवढ्या कविता तिच्यात उतरवल्या; तीसेक आठवल्या. नानीच्या गाण्यांपैकी दोन धड आठवली, तिसऱ्याचं निम्मं. मग मावशींना जाऊन सांगितलं, सापडली वही. त्यांनी ताबडतोब डबा उघडला, मूर्तीवरचे तांदळाचे कण पदराने पुसले आणि ती जागेवर ठेवली. त्यांचा नवसही होता, गरिबांना पाव वाटायचा. ही चाल फ्रान्समधल्या तुलाँची. तिथल्या एका दुकानदार बाईचं कुलूप १८९० साली उघडेना, तेव्हा तिने अंतोनीला गरिबांसाठी पाव बोलला आणि कुलूप उघडलं, असं सांगतात. मावशींना तुलाँ ठाऊक नव्हतं, पाव ठाऊक होते. तीन डझन पाव आणून आम्ही दोघांनी स्टेशनबाहेर वाटले.

परत येताना त्या म्हणाल्या, "दाखव तर खरी." मी पिशवीतून वही काढून दिली. त्यांनी ती उघडली नाही. नुसता पुठ्ठ्यावरून हात फिरवला, वास घेतला आणि परत दिली.

"कोरी दिसते रे," त्या म्हणाल्या, आणि चालू लागल्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)