काचेआडचा समुद्र आणि पांढरा ठिपका

प्रवाळखडकांवर वावरणाऱ्या माशाच्या कल्ल्यांत किंवा कातडीत दोन-चार परजीवी सापडणे ही प्राणिशास्त्रज्ञांना नित्याची बाब आहे, आणि तेवढ्यावरून त्या माशाला कोणी रोगी म्हणत नाही. कारण परजीवीची शेकडो पिल्ले पाण्यात सुटली तरी समुद्राच्या पसाऱ्यात दुसरा मासा गाठण्याआधीच त्यांतली बहुतेक मरून जातात. काचेच्या टाकीत हा हिशेब उलटतो. तिथे मासा कुठेही गेला तरी पिल्लापासून हात-दोन हातांवरच असतो, त्यामुळे एका पिढीत शेकडोपट वाढ होण्याची जी क्षमता समुद्रात वाया जाते, ती इथे पुरेपूर वसूल होते आणि आठ-पंधरा दिवसांत टाकी रिकामी होते. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांतील साथींचा इतिहास हा अशा रीतीने माणसाने पाणी बंदिस्त करण्याच्या कलेचाच इतिहास आहे, आणि ही कला जसजशी साधत गेली तसतसे रोगही पक्के होत गेले.

समुद्राचे पाणी घरात ठेवून त्यात जीव जगवण्याचे पहिले यशस्वी प्रयोग इंग्लंडमध्ये झाले. ॲना थिन या बाईंनी 1846 मध्ये लंडनमध्ये आणलेले प्रवाळ पाणी वरून ओतून, म्हणजे त्यात हवा मिसळून, दीर्घकाळ जिवंत ठेवले. 1853 मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने या छंदाची लाट आणली. त्या काळचे सूत्र समतोलाचे होते: वनस्पतींनी प्राणवायू द्यावा, प्राण्यांनी तो घ्यावा, आणि मासा मेला तर पाणी ‘बिघडले’ असे समजावे. हे निदान निम्मे बरोबर होते. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया साठत जाऊन मासे मरतात, आणि त्याचे कमी विषारी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू वाळूवर रुजायला काही आठवडे लागतात, हे ज्ञान त्या पिढीला नव्हते. त्यामुळे विषबाधा आणि संसर्ग या दोन वेगळ्या गोष्टी ‘बिघाड’ या एकाच शब्दाखाली झाकल्या गेल्या.

विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी हॅम्बर्ग येथे 1864 मध्ये आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1871 मध्ये जी मत्स्यालये उभी केली, त्यांत प्रदर्शनाच्या टाक्यांखाली मोठा अंधारा हौद ठेवून तेच पाणी सतत फिरवण्याची योजना होती. समुद्रापासून दूरच्या शहरात मत्स्यालय शक्य झाले ते या योजनेमुळे, आणि तेवढ्यासाठी लॉइड यांचे नाव आज घेतले जाते त्याहून अधिक घेतले जायला हवे; मात्र सगळ्या टाक्यांचे पाणी एक झाल्याने एका टाकीतील रोगाला सर्व टाक्यांची वाट मोकळी झाली. त्या काळी हे फारसे जाणवले नाही, कारण ठेवले जाणारे बहुतेक जीव थंड समुद्रातले होते आणि थंड पाण्यात परजीवीचे जीवनचक्र संथ चालते. उष्ण समुद्रातले रंगीत मासे मोठ्या संख्येने आणि तापवलेल्या पाण्यात राहू लागले, तेव्हा या गोष्टीची किंमत कळली.

मत्स्यरोगांचे शास्त्र दरम्यान वेगळ्याच अंगणात वाढत होते. गोड्या पाण्यातील माशांना होणाऱ्या ‘पांढऱ्या ठिपक्या’ला कारण होणाऱ्या एकपेशीय जीवाचे शास्त्रीय वर्णन फ्रान्समध्ये फूके यांनी 1876 मध्ये केले. म्युनिकच्या ब्रूनो होफर यांचा मत्स्यरोगांवरील जाडजूड ग्रंथ 1904 मध्ये आला. परंतु या अभ्यासामागची गरज ट्राउट आणि कार्प पाळणाऱ्यांची, म्हणजे ताटातल्या माशाची होती. शोभेच्या सागरी माशासाठी स्वतंत्र विकृतिशास्त्र, म्हणजे रोगाने शरीरात घडणाऱ्या बदलांचा अभ्यास, उभा राहिला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात, आणि त्याचे मोठे केंद्र ठरले न्यू यॉर्क.

मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावर, आधी किल्ला आणि नंतर परदेशातून येणाऱ्या स्थलांतरितांचे नोंदणीकेंद्र असलेल्या गोल दगडी वास्तूत, 10 डिसेंबर 1896 रोजी न्यू यॉर्क मत्स्यालय उघडले. समोरच बंदर असले तरी ते पाणी हडसन नदीच्या मुखाचे, निमखारे आणि शहराच्या सांडपाण्याने मळलेले होते, म्हणून पुढे स्वच्छ समुद्रजल आणून साठवायचे आणि तेच गाळून पुन्हापुन्हा फिरवायचे अशी सोय तिथेही करावी लागली. या फिरत्या पाण्यातल्या माशांवर जी. ए. मॅककॅलम यांना एक चपटा, पारदर्शक कृमी सापडला आणि 1927 मध्ये त्यांनी त्याचे ‘एपिब्डेला मेलेनी’ या नावाने वर्णन केले. हा कृमी मागच्या टोकाच्या चकतीने माशाच्या कातडीला आणि डोळ्यांना चिकटून राहतो व वरच्या थरातील पेशी खातो. पारदर्शकतेमुळे तो अंगावर असूनही दिसत नाही, आणि मालकाच्या लक्षात येते ते माशाचे अंग घासणे आणि डोळे पांढुरके होऊन आंधळे होणे. त्याच्या अंड्यांना लांब धागे असतात, त्यामुळे ती जाळीत, रेतीत आणि नळ्यांत अडकून बसतात. माशाला काही मिनिटे गोड्या पाण्यात बुडवले की कृमी दुधासारखे पांढरे होऊन गळून पडतात. म्हणजे उपचार हाच निदानही ठरतो. मासा परत त्याच टाकीत सोडला की धाग्यांत अडकलेली अंडी आपले काम पुन्हा सुरू करतात, हे कळायला मात्र जान आणि कून यांना 1932 मध्ये कृमीचा संपूर्ण जीवनक्रम मांडावा लागला.

रॉस नायग्रेली हे या मत्स्यालयाचे विकृतिशास्त्रज्ञ, आणि पुढे 1960 च्या दशकात त्याचे संचालक. चार्ल्स ब्रेडर यांच्यासह त्यांनी 1934 मध्ये प्रसिद्ध केलेला लेख वेगळ्या प्रश्नाचा होता: एकाच पाण्यात राहूनही काही जातींना हा कृमी का लागत नाही, आणि एकदा त्रास भोगून वाचलेला मासा दुसऱ्या खेपेला अधिक तग का धरतो? माशाच्या अंगावरील बुळबुळीत श्लेष्मा, जो तोवर केवळ वंगण मानला जाई, तो संरक्षणाचे एक साधन असावा, हा विचार त्यांच्या या काळातील कामातून पुढे आला.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालयात याच सुमारास दुसरा शत्रू ओळखला गेला. एलिनॉर ब्राउन यांनी 1931 मध्ये ‘ओडिनियम ओसेलॅटम’ असे नाव दिलेला हा जीव डायनोफ्लॅजेलेट या गटातला आहे. या गटातले एकपेशीय जीव चाबकासारख्या दोन शेपट्यांच्या फटकाऱ्यांनी पोहतात, आणि कोकणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळसर उजळतात ती याच गटातल्या नॉक्टिल्युकाची करणी असते. त्यातला एखादा माशाचा जीव घेऊ शकतो, हे म्हणूनच जरा अनपेक्षित होते. मुळांसारख्या तंतूंनी तो कल्ल्यांत रुतून बसतो, पोसला गेला की गळून तळाशी जातो, कवचात शिरून दुपटी-दुपटीने विभागतो आणि एका जीवाचे जास्तीत जास्त 256 पोहणारे बीजाणू होतात. नायग्रेली यांनी 1936 मध्ये त्याचा जीवनक्रम तपशिलाने वर्णिला आणि 1946 मध्ये ब्राउन आणि होवास यांनी त्याचे नाव ‘अ‍ॅमिलूडिनियम’ असे बदलले. छंदिष्टांनी त्याला ‘मखमली रोग’ म्हटले, कारण तिरप्या उजेडात माशाच्या अंगावर सोनेरी धूळ पसरल्यासारखी दिसते. ही धूळ दिसेपर्यंत कल्ले बहुधा निकामी झालेले असतात. जलद श्वास, पाण्याच्या झोतापुढे तोंड करून उभे राहणे आणि अन्नाकडे पाठ फिरवणे ही त्याची खरी पहिली लक्षणे.

खऱ्या अर्थाने सर्वपरिचित ठरला तो खाऱ्या पाण्यातला पांढरा ठिपका. जपानमध्ये सिकामा यांनी 1930 च्या दशकात त्याची नोंद केली, आणि ब्राउन यांनी 1951 मध्ये त्याला ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ म्हटले. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘लपलेले केंद्रक’ असा होतो. सिकामा यांनी 1961 मध्ये त्याला गोड्या पाण्यातील ठिपक्याचा सागरी भाऊ ठरवणारे नाव दिले, जे नियमांनुसार मागे पडले, आणि चाळीस वर्षांनी जनुकीय तुलनेत हे भाऊपणही खोटे ठरले: दोघे रोमक आहेत, म्हणजे अंगावरच्या केसांसारख्या तंतूंनी पोहतात, परंतु त्यांचे घराणे दूरचे असून सारखा धंदा करता करता सारखे दिसू लागले आहेत.

न्यू यॉर्क मत्स्यालय 1941 मध्ये जुन्या जागेतून हलवावे लागले होते आणि 1957 मध्ये ब्रुकलिनच्या कोनी आयलंडवर नव्याने उघडले होते. तिथल्या साथींवर नायग्रेली आणि रुजिएरी यांनी 1966 मध्ये जो लेख लिहिला, त्यानंतर या रोगाचे स्वरूप स्पष्ट झाले. मिठाच्या खड्याएवढा दिसणारा ठिपका म्हणजे कातडीच्या वरच्या थराखाली बसून पेशी खाणारा वाढता परजीवी. तीन ते सात दिवसांनी तो माशाला सोडतो, तळाशी चिकटून स्वतःभोवती पुटी, म्हणजे कठीण आवरण, तयार करतो आणि आत शेकडो पिल्ले होतात, जी बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास मरतात. एकाच दिवशी बनलेल्या पुट्याही एकाच दिवशी फुटत नाहीत. काही तीन दिवसांत, काही कित्येक आठवड्यांनी फुटतात. परजीवी मासा सोडतात ते प्रामुख्याने अंधारात, जेव्हा बहुतेक खडकमासे कपारीत स्थिर झोपलेले असतात आणि पुटी त्यांच्या निजण्याच्या जागेजवळच रुजते. ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला, असे मानून उपचार थांबवणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मालकांची फसवणूक या एका वेळापत्रकाने केली.

उपचारांचा इतिहास या चक्रावर ठेवून पाहिला की नीट उलगडतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे रॉबर्ट डेम्पस्टर यांनी 1955 मध्ये मखमली रोगावर कॉपर सल्फेट वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. कॉपर सल्फेट म्हणजे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला बोर्डो मिश्रणातून परिचित असलेले मोरचूद. द्राक्षाच्या पानावर बुरशीला मारणारे तांबे इथे पाण्यातल्या बीजाणूला मारते. माशाच्या कातडीत बसलेल्या किंवा पुटीत दडलेल्या परजीवीला ते शिवतही नाही. म्हणून दर लिटरला साधारण 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम इतके मुक्त तांबे दोन-तीन आठवडे कायम ठेवावे लागते, जेणेकरून जो जो बाहेर पडेल तो तो मारला जाईल. पल्ला अरुंद आहे: थोडे कमी झाले तर परजीवी जगतो, थोडे अधिक झाले तर मासाच दगावतो. त्यातच प्रवाळाच्या चुनखडी वाळूत तांबे शोषले जाते, त्यामुळे सकाळी मोजलेले प्रमाण संध्याकाळी उरेलच असे नाही, आणि शंख, कोळंबी, प्रवाळ यांना याहून पुष्कळ कमी तांबेही मारक ठरते.

तांब्याला पर्याय शोधले गेले ते पाण्यातूनच. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, तर हाडाच्या माशाच्या रक्तातील क्षार त्याच्या साधारण तृतीयांश असतात. म्हणजे खारटपणा निम्म्याहून खाली आणला तर माशाला उलट आराम पडतो, आणि क्रिप्टोकॅरिऑनच्या पुट्या मात्र निकामी होतात. च्यूंग, नायग्रेली आणि रुजिएरी यांच्या 1979 च्या अभ्यासाने या उपायाला मोजमापाचा आधार दिला. इस्रायलमधील एलातच्या सागरी मत्स्यशेतीत काम करणारे कोलोर्नी यांनी 1980 च्या दशकात याहून साधी युक्ती मांडली: पुटी फुटायला किमान तीन दिवस लागतात, तर माशांना दर तीन दिवसांनी वाळवून पुन्हा भरलेल्या, स्वच्छ टाकीत हलवावे आणि असे चार वेळा करावे. औषध एक थेंबही न वापरता परजीवी मागच्या टाकीतच राहतो. पंचवीस वर्षे तांब्याच्या मात्रेवर वाद घातल्यावर हे सुचावे, यात थोडा विनोद आहे.

ओळखण्यातली गफलतही इतिहासाचाच भाग आहे. विदूषक माशाच्या अंगावर राखाडी चिकट साय येऊन तो दोन दिवसांत मरतो. हा मखमली रोग समजून तांबे देणाऱ्यांना यश येत नसे, कारण तो ‘ब्रुकलिनेला हॉस्टिलिस’ हा निराळाच रोमक असून लोम आणि नायग्रेली यांनी 1970 मध्ये त्याचे नाव सरळ ब्रुकलिनवरून ठेवले. तो पुटी करत नाही, माशावरच दुभागून वाढतो, म्हणून त्याला फॉर्मालिनचे स्नान द्यावे लागते. फिलिपिन्समधून 1960 च्या दशकापासून सायनाइड फवारून पकडलेले मासे येऊ लागले. ते आठवड्या-दोन आठवड्यांनी खात-पीत असतानाच मरत आणि मरणाचा ठपका रोगावर येई. फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मृत सागरी माशांत ॲरनसन यांना 1926 मध्ये क्षयाचा भाईबंद असलेला जीवाणू, ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’, सापडला होता. माणसाच्या कातडीवरही तो गाठी उठवतो, हे 1950 च्या दशकात स्वीडनमधील पोहण्याच्या तलावामुळे आणि 1962 मध्ये घरच्या मत्स्यटाकीमुळे उघड झाले. हातावर जखम असताना टाकीत हात घालू नये, हा नियम तेव्हापासूनचा.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले, आणि समुद्रापुढे उभारलेल्या या वास्तूची अडचण न्यू यॉर्कच्या वास्तूशी नाते सांगणारी होती: पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ आणि कमी खारट होते, त्यामुळे दारातला समुद्र वर्षभर सारखा समुद्र राहत नाही.

इंडोनेशियाच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये जिवंत खडक आणि प्रवाळ यांसह टाकी चालवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढच्या दशकांत ती घराघरांत पोचल्यावर तांबे मुख्य टाकीतून हद्दपार झाले. रोगी माशासाठी वाळू-खडक नसलेली वेगळी टाकी आणि नव्या माशाला आधी काही आठवडे एकांतवास, ही रीत त्या हद्दपारीतून रुजली. मुख्य टाकी माशांविना रिकामी ठेवून पुट्यांतून निघणाऱ्या पिल्लांची उपासमार करणे हा तिचाच दुसरा भाग.

साथीतून वाचलेल्या माशांना क्रिप्टोकॅरिऑनविरुद्ध काही काळ प्रतिकारशक्ती मिळते हे सिद्ध झाल्यावर लस करण्याचे प्रयत्न सुरू झाले, परंतु हा जीव जिवंत माशाशिवाय फार काळ वाढवता येत नाही. म्हणून लशीसाठी लागणारा परजीवी टिकवायला प्रयोगशाळांना आजही टाकीत निरोगी मासे आणून त्यांना ओळीने आजारी पाडावे लागते.