आगाऊ घेतलेले : इंग्रजीतील गृहीतवाचक शब्दांच्या अभ्यासाची प्रस्तावना

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की ओरत्तनाडु लागते. गाव तालुक्याचे, भोवती भातशेती, आणि मराठी माणसाने मुद्दाम थांबावे असे एक ठिकाण : मुक्ताम्बाळ छत्र. दुसऱ्या सरफोजी राजांनी ते आपल्या प्रिय मुक्ताम्बाळच्या नावाने बांधले. १८०२ मध्ये ते सुरू झाले. रामेश्वराच्या वाटेवर भोसल्यांनी अशी अनेक छत्रे उभारली होती. आपण अन्नछत्र म्हणतो त्यातलेच हे छत्र, फक्त पसारा मोठा.

इंग्रजी शब्दांवरच्या पुस्तकाचे दार ओरत्तनाडुत का उघडावे, असा प्रश्न वाचकाला पडेल. प्रिझ्यूम, प्रिझम्प्शन, प्रिझम्प्टिव्ह, प्रिझम्प्च्युअस ही शब्दांची भावकी कोशात वाचली तर कोरडी वाटते. ती माणसांच्या व्यवहारात, पैशाच्या आणि गादीच्या भांडणात पाहिली की जिवंत होते. तंजावरच्या मराठी राज्यात ती तशी पाहायला मिळते, आणि तीही जवळजवळ सगळ्या छटांसह.

छत्रापासूनच सुरुवात करू. राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेल्यावर १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहिले आणि निदान छत्रांचा कारभार तरी आपल्याकडे राहू द्यावा, अशी विनंती केली. त्या पत्रात छत्रांची रीत तपशीलवार सांगितली आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूला अन्न, तान्ह्या मुलांना दूध, आजाऱ्याला औषधपाणी, अडलेल्या बाईची सोय. कोणी तिथेच मेला तर त्याच्या जातीच्या रीतीने अंत्यसंस्कार. दारात उभा राहिलेला माणूस भुकेला आहे, असे धरून चालायचे, हा या सगळ्याचा पाया. तू खरोखर यात्रेकरू आहेस का, याचा दाखला कोणी मागत नव्हते. एखादा लबाड दोन वेळा जेवून गेला असेल; तो तोटा छत्राने आधीच पत्करलेला होता. पुराव्याआधी मान्य करणे, आणि ते चुकले तर नुकसान कोणाचे हे आधी ठरवून ठेवणे : कायद्याच्या इंग्रजीत प्रिझम्प्शन म्हणतात ते हेच.

आता शब्दाकडे. लॅटिनमध्ये 'प्रे' म्हणजे आधी आणि 'सूमेरे' म्हणजे घेणे. आधीच घेतलेले, ते प्रिझम्प्शन. मराठी वाचकाला याची व्युत्पत्ती पाठ करण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे 'आगाऊ' हा शब्द आहे. पगारातून घेतलेली आगाऊ रक्कम निरुपद्रवी. पाहुण्यांच्या बोलण्यात तोंड घालणारे पोर मात्र आगाऊ. एकच शब्द कालाने पुढे आणि मर्यादेनेही पुढे. इंग्रजी शब्दानेही हाच प्रवास केला. डॉ. जॉन्सन यांच्या कोशात प्रिझम्प्शनचे अर्थ आधी बांधलेल्या समजुतीपासून सुरू होतात, भक्कम पण निर्णायक नसलेल्या युक्तिवादावर येतात आणि आंधळ्या उद्दामपणाकडे जातात; शेवटी ईश्वराच्या कृपेवर टाकलेला अवाजवी भरवसा. या कोशाची १७८४ सालची आवृत्ती तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. सरफोजींना ज्यांनी घडवले ते श्वार्ट्झ लुथरन पाद्री होते. त्यांना हा शेवटचा अर्थ परका असणे शक्य नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्रात निराशा जसे पाप, तसे प्रिझम्प्शनही पाप : पश्चात्तापावाचून क्षमा मिळणारच, असे धरून चालणे.

जाता जाता तमिळचेही ऐकून घ्यावे. वडीलधाऱ्यांच्या मध्ये बोलणाऱ्याला तमिळ घरात 'अधिकप्रसंगी' म्हणतात. शब्द संस्कृत, चव पूर्ण तमिळ. आपल्या मराठीत त्याचा भाऊ 'अतिप्रसंग' पार काळ्या अर्थाकडे निघून गेला. प्रिझम्प्च्युअस या विशेषणाला मला तरी अधिकप्रसंगीइतका नेमका प्रतिशब्द मराठीत सापडलेला नाही. उद्धट जास्त कडक पडतो, चोंबडा जास्त हलका.

प्रिझम्प्टिव्ह आणि प्रिझम्प्च्युअस यांची गल्लत विद्यार्थी हमखास करतात. ती सुटावी म्हणून तंजावरच्या गादीची हकीकत थोडी सविस्तर सांगतो. इंग्रजीत वारस दोन प्रकारचे. हेअर अपॅरंट तो, ज्याचा हक्क कोणाच्या जन्माने हटत नाही. हेअर प्रिझम्प्टिव्ह तो, जो आज पहिला आहे पण उद्या अधिक जवळचा वारस आला तर मागे सरेल. ब्रिटनची दुसरी एलिझाबेथ १९३६ पासून राणी होईपर्यंत प्रिझम्प्टिव्हच होती, कारण वडिलांना मुलगा होण्याची शक्यता कायद्याच्या लेखी संपलेली नव्हती. तंजावरला तुळजाराजांना मुलगा उरला नाही तेव्हा त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंग हे याच अर्थाने प्रिझम्प्टिव्ह होते. १७८७ च्या आरंभी मरणाच्या दारात असलेल्या तुळजाराजांनी दहाव्या वर्षात असलेल्या सरफोजींना दत्तक घेतले, आणि अमरसिंग मागे सरले. निदान सरायला हवे होते.

ते सरले नाहीत. दत्तकविधान अशास्त्र आहे, असा वाद त्यांनी उभा केला. मद्रासचे गव्हर्नर आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी पंडितांची मते मागवली. आक्षेप तीन निघाले : राजाची बुद्धी ठिकाणावर नव्हती, मुलाचे वय जास्त होते, आणि तो जन्मदात्याचा एकुलता एक मुलगा होता. दत्तक रद्द ठरले, अमरसिंग गादीवर बसले. पुढे श्वार्ट्झ यांनी सरफोजींची बाजू लावून धरली, पुन्हा पंडितांची मते घेतली गेली, आणि १७९८ मध्ये तेच दत्तक सशास्त्र ठरून सरफोजी राजे झाले. श्वार्ट्झ मात्र ते पाहायला उरले नव्हते. काही महिने आधीच ते वारले.

या अकरा वर्षांत वस्तुस्थिती काडीनेही बदललेली नव्हती. दत्तकाच्या दिवशीचे मुलाचे वय तेच, एकुलतेपण तेच, राजाचे आजारपण तेच. बदलले ते एवढेच की आधी सरफोजींनी आपले दत्तक खरे असल्याचे सिद्ध करायचे होते, आणि नंतर ते खोटे असल्याचे दुसऱ्याने सिद्ध करायचे होते. या पुस्तकाचा सगळा रोख इथेच आहे. प्रिझम्प्शनचा कोणताही शब्द समोर आला की त्याचा अर्थ विचारण्याआधी विचारावे : हे गृहीत मोडायचे झाले तर ओझे कोणाच्या डोक्यावर? ओझे वाहायला कोणी आहे आणि वाहायची वाट मोकळी आहे, तोवर शब्द कायद्याचा, सभ्यतेचा, कधी दयेचा. वाट बंद झाली की तोच शब्द आगाऊपणाचा होतो.

कंपनीने या न्यायाची किंमतही वसूल केली. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार तिच्याकडे गेला, राजांकडे किल्ला, आसपासचा थोडा मुलूख, महसुलाचा पाचवा हिस्सा आणि ठरीव रक्कम उरली. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरून घेतले गेले. ज्याच्या वारसाहक्कावर एकदा दोन निकाल झाले, त्याला आपली वंशावळ दगडावर असावी असे वाटणे मला अगदी समजण्यासारखे वाटते.

सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुरुषवारस न ठेवता वारले. पुढच्या वर्षी कंपनीने राज्याबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि जिंकला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. ही राज्यसत्तेची कृती आहे, न्यायालयाने तिच्यात डोकावायचे नाही, असे कारण दिले गेले. १८६२ मध्ये खासगी मालमत्ता परत मिळाली, पण ती सरकारच्या मर्जीने. राणीचे म्हणणे चूक ठरले नव्हते. ते तपासण्याची जागाच काढून घेतली होती.

आज भारतीय वाचकाची या शब्दांशी सर्वांत जास्त गाठ पडते ती पुराव्याच्या कायद्यात. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या कायद्याने गृहीताच्या तीन पायऱ्या केल्या, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने त्या तशाच ठेवल्या. 'मे प्रिझ्यूम' म्हणजे न्यायालयाला वाटले तर धरील, नाही तर पुरावा मागेल. 'शॅल प्रिझ्यूम' म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत धरलेच पाहिजे. तिसरी पायरी 'कन्क्लूझिव्ह प्रूफ'. तिथे उलट पुरावा ऐकूनच घ्यायचा नाही. सात वर्षे ज्याची त्याच्या माणसांना खबर नाही, तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे. आपल्याकडे बारा वर्षे वाट पाहून पालाशविधी करण्याची रीत होती. तेही गृहीतच, फक्त धर्माने बांधलेले. तंजावरच्या मोडी दफ्तरांवर काम करणाऱ्यांना आणखी एक कलम जवळचे वाटेल : तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला, तर त्यावरची सही ज्याची म्हणून दिसते त्याचीच आहे, असे न्यायालय धरू शकते. धरू शकते, धरलेच पाहिजे असे नाही. मराठीत दोन्हीकडे 'गृहीत धरणे' वापरावे लागते आणि हा फरक सहायक क्रियापदावर सोपवावा लागतो. अनुवादकाची झोप उडवणारी जागा ही.

अझ्यूम आणि सपोज यांना या पुस्तकात कमी जागा दिली आहे. अझ्यूम म्हणजे पुरावा असो-नसो, मांडणीसाठी धरलेले, गणितातले 'समजा'. प्रिझ्यूममध्ये आजवरच्या अनुभवाचा आधार असतो. बोलण्यात इंग्रज माणूसही हा फरक पाळतोच असे नाही, त्यामुळे त्यावरून विद्यार्थ्याचे गुण कापू नयेत, असे माझे मत आहे. कचेरीतल्या पत्रांत मात्र 'आय प्रिझ्यूम' जपून लिहावे. आमचे पत्र तुम्हाला मिळाले असेलच, या वाक्यात जो बारीक चिमटा असतो तो त्यात आहे.

प्रीसपोझिशनची गोष्ट वेगळी; ते वाक्याच्या पोटात दडलेले गृहीत. 'तंजावरचा सध्याचा राज्यकर्ता राजा विद्वान आहे' हे वाक्य घ्या. राजघराण्याचे वंशज आहेत, पण राज्य करणारा राजा १८५५ नंतर नाही. मग वाक्य खोटे, की खरे-खोटेपणाचा प्रश्नच उद्भवत नाही? फ्रान्सच्या राजावरून हाच वाद १९०५ मध्ये रसेल यांनी सुरू केला आणि १९५० मध्ये स्ट्रॉसन यांनी उलटवला. भाषाशास्त्रात तो अजून मिटलेला नाही.

मीमांसकांच्या अर्थापत्तीला इंग्रजी अनुवादक बरेचदा प्रिझम्प्शन म्हणतात. दिवसा न जेवणारा देवदत्त लठ्ठ आहे, म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे. हा अनुवाद मला पटत नाही. अर्थापत्तीत दुसरी वाटच उरत नाही, म्हणून आपण तिथे पोहोचतो. प्रिझम्प्शनमध्ये दुसरी वाट असते, फक्त ती दाखवण्याचे काम समोरच्याचे असते. माझ्याशी मतभेद असणारे मीमांसेचे अभ्यासक आहेत, आणि त्यांची बाजू त्या प्रकरणात दिली आहे.

हे सगळे जुने आणि पुस्तकी वाटत असेल तर आजच्या दोन जागा पाहाव्यात. छोट्या व्यापाऱ्याला आयकरात हिशेबाच्या वह्यांऐवजी उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांइतका, रोखीत आठ आणि डिजिटल व्यवहारात सहा, नफा झाला असे धरून कर भरता येतो. त्याला प्रिझम्प्टिव्ह पद्धत म्हणतात, आणि तो शब्द आता गल्लीतल्या दुकानदारालाही माहीत आहे. दुसरी जागा दवाखान्यातली. खोकल्याची तपासणी व्हायची आहे अशा माणसाला पूर्वी 'टीबी सस्पेक्ट' म्हणत. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द टाकून 'प्रिझम्प्टिव्ह टीबी' घेतला, कारण सस्पेक्टला आरोपीच्या पिंजऱ्याचा वास येतो. आपण मराठीत अजून 'संशयित क्षयरुग्ण' लिहितो. त्याला चांगला पर्याय कोणी सुचवला तर पुढच्या आवृत्तीत आनंदाने घेऊ.

पुस्तक ओळीने वाचण्याची सक्ती नाही. वकिलांनी पुराव्याच्या कायद्यापासून सुरुवात करावी आणि गादीचे प्रकरण नंतर वाचावे. भाषेच्या विद्यार्थ्यांनी उलट करावे. अर्थापत्तीचे प्रकरण पहिल्या वाचनात वगळले तरी धागा तुटत नाही. ज्यांना इंग्रजी पत्रव्यवहारापुरतेच हवे आहे, त्यांच्यासाठी शेवटी वाक्यप्रयोगांचा तक्ता आहे. तो समोर ठेवावा आणि शंका आल्यासच मागे वळावे.