कलमतराश : लेखणीमागचा चाकू

शाळेच्या प्रवेश-नोंदवहीत ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. दरवर्षी जून महिन्यात ते अर्ज भरून घेण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे येते. दोन वर्षांपूर्वी आठवीत आलेला एक मुलगा या रकान्यापाशी थांबला, इकडेतिकडे पाहून घेतले आणि त्याने लिहिले, ‘मजुरी’. त्याचे वडील वाशीच्या आठवडी बाजारात सायकलवर बसविलेल्या चाकावर विळ्या, सुऱ्या व कात्र्यांना धार लावून देतात, हे मला ठाऊक होते. मीही काही बोललो नाही. मुलाला चारचौघांत अवघडल्यासारखे होईल असे वाटले. पण मी इतिहास शिकवितो, आणि त्या रकान्यातून इतिहासाचे एक पान गळाले ही गोष्ट मनातून जाईना.

त्या धंद्याला एक जुने नाव आहे : शिकलगार. अरबी भाषेत ‘सैकल’ या शब्दाचा संबंध घासून उजळण्याशी आहे. तलवारी, कट्यारी, आरसे उजळणारा तो सैकलगर. मराठीच्या तोंडी रुळून तोच शिकलगार झाला. महाराष्ट्रात या नावाची जमातच आहे. लोहार लोखंडाला आकार देई, परंतु त्या आकाराचे हत्यार शिकलगाराच्या हातून होई.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या घरची एक जुनी पेटी उघडली. आमचे पणजोबा निजामी अमलात कारकुनी करीत. त्या वेळी आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि दप्तराचा कारभार उर्दूत चाले. पेटीत पितळी दौत होती, काही बोरू होते, आणि गंजून घट्ट बसलेला, बोटभर लांबीचा एक घडीचा चाकू होता. तो मी त्या मुलाच्या वडिलांकडे घेऊन गेलो. त्यांनी आधी रॉकेलचे थेंब सोडून पाते मोकळे केले, अंगठ्याने गंज चाचपला, आणि पात्याचे टोक फिरत्या चाकाला जेमतेम टेकवून म्हणाले, “सर, ठिणगी देखो. ये लोहा नई, पोलाद है.”

साध्या मऊ लोखंडाची ठिणगी लांब, सरळ, तांबूस पिवळी उडते. पोलादात कार्बन अधिक असल्याने त्याची ठिणगी वाटेतच फुटते आणि तिला पांढऱ्या फांद्या फुटल्यासारख्या दिसतात. कारखान्यांतून आजही पोलादाची जात अशा रीतीने ओळखतात. मी रसायनशास्त्राच्या पुस्तकात कार्बनचे प्रमाण वाचले होते. ते डोळ्यांनी पाहिले त्या दिवशी, बाजारात, सायकलजवळ उभे राहून.

गंज उतरल्यावर पात्याच्या मुळाशी लहानसा ठसा दिसला : एक तारा, एक क्रॉस आणि खाली शेफील्ड. इंग्लंडातील शेफील्ड गावच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची ही निशाणी आहे. कारागीर आपल्या कामावर नाव घालतो तेव्हा त्या कामाची जबाबदारीही तो उचलतो. जुन्या चाकूंचा संग्रह करणारे सर्वांत आधी ठसा पाहतात ते यासाठी. त्यानंतर पाहावे ते पाते आणि मूठ यांतील फट, पाते मिटताना होणारा आवाज, आणि धार मुळापासून टोकापर्यंत सारखी आहे की मधे खोल गेली आहे ते. नवख्याने एकच पथ्य पाळावे. गंज काढण्याच्या उत्साहात ठसा घासून टाकू नये.

परंतु कारकुनाच्या पेटीत चाकू कशाला? विद्यार्थी मित्रहो, तुमच्या हाती बॉलपेन आहे म्हणून हा प्रश्न पडतो. बोरू लिहून लिहून बोथट होतो, आणि चाकू नसेल तर लिहिणे थांबते. लेखणी तासण्याच्या चाकूला फारसीत ‘कलमतराश’ म्हणतात. इंग्रजीतील ‘पेननाइफ’ हा शब्दही पिसाची लेखणी तासण्याच्या चाकूसाठीच निघाला. आज खिशातल्या कोणत्याही लहान चाकूला तो लावतात. जुना कलमतराश बहुधा घडीचा नसे. मूठ लांब व सडपातळ, आणि तिच्या टोकाशी आखूड पाते. तुर्कस्तानात हा चाकू करणाऱ्या उस्तादांची नावे पात्यावर कोरलेली आढळतात, मुठी हस्तिदंताच्या किंवा पोवळ्याच्या असतात, आणि आज त्या वस्तुसंग्रहालयांत काचेखाली ठेवलेल्या आहेत.

बोरू तासण्याचे काम सोपे वाटते, पण सोपे नाही. आधी तिरका छेद घ्यायचा, आतला गाभा कोरायचा, मधोमध बारीक चीर द्यायची, आणि मग हस्तिदंताच्या किंवा शिंगाच्या चपट्या पट्टीवर टोक ठेवून एकाच दाबात ते तोडायचे. या शेवटच्या छेदाला ‘कत’ म्हणतात. प्रत्येक लिपीला तिचा तिचा कल लागतो. अक्षराची जाडी व बारकावा त्या एका छेदावर ठरतो, म्हणून खुशनवीस शिष्याला अक्षराआधी कत शिकवीत. बगदादचे विद्वान इब्न अल-जौझी (निधन 1201) यांच्याविषयी असे सांगतात की, हदीस लिहिताना तासलेल्या बोरूंची सालपटे ते जन्मभर जपून ठेवीत, आणि आपल्या अखेरच्या स्नानाचे पाणी त्यावरच तापवावे अशी त्यांनी वसीयत केली होती. पाणी तापले आणि सालपटे उरली. एका माणसाने आयुष्यभरात किती लिहिले याचे असे माप दुसरे कुठे वाचल्याचे मला आठवत नाही. ती सालपटे ज्या चाकूने पडली, त्याला कितीदा धार लागली असेल!

आता पोलादाकडे येऊ, कारण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. दक्षिण भारतात मातीच्या बंद मुशीत पोलाद करण्याची फार जुनी रीत होती. लोखंडाचे तुकडे, तरवडाचे वाळके लाकूड आणि वर रुईची हिरवी पाने घालून मूस लिंपून टाकीत व तासन् तास भात्यावर तापवीत. तरवड आणि रुई आपल्या माळावर, रस्त्याच्या कडेला उगवतात. आपण त्यांना रान समजतो. त्यांच्यातील कार्बन लोखंडात मुरे आणि मुशीतून पोलादाची लहानशी गोळी निघे. कानडी-तेलुगूतील ‘उक्कु’ या शब्दावरून इंग्रजांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटले असे मानतात. हे पोलाद करणाऱ्या गावांत निजामाबादकडील कोनसमुद्रम हे गाव प्रसिद्ध होते, म्हणजे आपल्याच जुन्या संस्थानातले. डॉ. हेन्री व्हॉयसी यांनी तेथील भट्ट्यांचे वर्णन लिहून ठेवले. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1832 मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. इराणातील इस्फहानचे व्यापारी पोलाद खरेदीसाठी तेथवर येत, असे त्यात आहे. या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटते. तिला ‘जौहर’ म्हणतात. माणसाच्या अंगच्या गुणालाही उर्दूत तोच शब्द आहे.

मुंबईचे एक डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी 1794 मध्ये या पोलादाचे नमुने लंडनला, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे धाडले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांची परीक्षा करून 1795 मध्ये निबंध वाचला. त्यात एक छोटी नोंद आहे. अध्यक्षांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट या चाकू-कारागिराने या पोलादाचा एक पेननाइफ घडविला. ते फार तापवून चालत नसे, म्हणून अंधारातच दिसेल इतक्या मंद लालीवर त्याने ते घडविले, आणि त्याची धार उत्तम पोलादी चाकूच्या तोडीची निघाली. दक्षिणेतल्या पोलादाची कसोटी तलवारीवर झाली नाही, लेखणी तासण्याच्या चाकूवर झाली!

पुढे याच स्टोडार्टबरोबर एक तरुण सहायक वूट्झचे पृथक्करण करू लागला. त्याचे नाव मायकेल फॅरडे. दहावीच्या पुस्तकातील विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध त्याने 1831 मध्ये लावला, पण त्याआधी, 1819 ते 1822 या काळात, तो पोलादाच्या मिश्रधातूंवर निबंध लिहीत होता. फॅरडेचे वडील लोहार होते. त्याने ते कुठे लपविल्याचे ऐकिवात नाही.

इकडे मात्र भट्ट्या विझल्या. शेफील्डचे कारखाने स्वीडनहून लोखंड आणून यंत्राने स्वस्त माल काढू लागले. 1857 नंतर आणि विशेषतः 1878 च्या शस्त्र कायद्यानंतर तलवारी उजळण्याचे कामही आटले. दरबारी शिकलगार दारोदार विळ्यांना धार लावू लागला, आणि पणजोबांच्या पेटीत शेफील्डचा चाकू आला. मला तो चाकू आवडतो, आणि त्याचा थोडा रागही येतो.

चाकू म्हटला की सिनेमामुळे लोकांना खटक्याचा रामपुरी आठवतो, आणि तो कोणाच्या हाती दाखवितात हेही आपण जाणतो. त्याच रामपुरात 1774 साली नवाब फैजुल्ला खान यांच्या वेळी सुरू झालेले रझा ग्रंथालय आहे आणि तेथे अरबी-फारसी हस्तलिखितांचा अनमोल साठा आहे. पण रामपूरचे ग्रंथालय पडद्यावर येत नाही. असो.

ज्यांना पाहण्याची हौस आहे त्यांनी हैदराबादला सालारजंग वस्तुसंग्रहालयात जावे. मीर युसूफ अली खान, तिसरे सालारजंग, यांनी जमविलेल्या या वस्तू 1951 पासून सर्वांना पाहावयास मिळतात. नूरजहानचा म्हणून दाखविला जाणारा फळे कापण्याचा चाकू तेथे आहे. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय मला त्याहून जवळचे वाटते. दिनकर केळकरांनी राजांच्या वस्तूंमागे न लागता अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू गावोगाव हिंडून जमविल्या, आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. तिथले अडकित्ते पाहून आल्यापासून मी भंगारवाल्याच्या ढिगात हात घालू लागलो. आजवर सात जुने चाकू मिळाले. पैकी दोन चांगले आहेत.

पणजोबांचा चाकू आता आमच्या वर्गाच्या कपाटात असतो. सुलेखन स्पर्धेच्या आधी मुले बोरू घेऊन येतात आणि ते तासून द्यायला त्या मुलाला बोलावतात, कारण माझी कत वाकडी जाते. दहावीचा परीक्षा-अर्ज भरण्याच्या आधी त्याने मला विचारले की नोंदवहीतील व्यवसाय बदलता येतो काय. मी सांगितले, पालकाचा लेखी अर्ज लागतो. दोन दिवसांनी त्याने अर्ज आणून दिला. मजकूर त्याच्या अक्षरात होता, खाली वडिलांची उर्दूत सही होती, आणि ‘शिकलगार’ हा शब्द त्याने दोनदा गिरवून ठळक केला होता.