निमविषारी म्हणजे किती विषारी?

वर्गात शिकवताना आपण सापांचे तीन गट पाडतो : विषारी, निमविषारी आणि बिनविषारी. हरणटोळ आणि मांजऱ्या हे दुसऱ्या गटातले. त्यांचे विषदंत वरच्या जबड्यात मागच्या बाजूला असतात. नागाच्या विषदंतासारखी त्यांत बंद नळी नसते, तर उघडी खाच असते. भक्ष्य तोंडात धरून चावत राहिले, की विष खाचेतून ओघळत जखमेत उतरते. सरड्याला एवढे पुरते. माणसाला मात्र बहुधा ओझरताच दंश होतो. हरणटोळाच्या बाबतीत हे ठीकच आहे. पण मागे दात असणारा प्रत्येक साप असाच सौम्य असतो का?

आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशांत बूमस्लँग नावाचा साप राहतो. आफ्रिकान्स भाषेत या नावाचा अर्थ 'झाडसाप'. अँड्र्यू स्मिथ यांनी १८२८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याचेही विषदंत मागेच असतात.

२५ सप्टेंबर १९५७ रोजी शिकागोच्या निसर्गेतिहास संग्रहालयात असा एक लहान साप ओळख पटवण्यासाठी आला. तिथल्याच प्राणिसंग्रहालयाने तो पाठवला होता. दिसायला तो बूमस्लँगसारखा होता. पण बूमस्लँगच्या गुदद्वारावरचा खवला दुभंगलेला असतो, आणि याचा मात्र अखंड होता. सरीसृपांचे नामवंत अभ्यासक कार्ल पॅटरसन श्मिट यांनी त्याला हातात घेतले. तो त्यांच्या डाव्या अंगठ्याला चावला. साप लहान, त्यात एकच दात खोल रुतलेला. त्यामुळे काळजीचे कारण वाटले नाही.

श्मिट आगगाडीने घरी गेले आणि लक्षणे टिपू लागले : मळमळ, हुडहुडी, ताप, हिरड्यांतून रक्त. रात्री लघवीतूनही रक्त गेले. सकाळी बरे वाटले आणि त्यांनी नाश्ता केला. त्याच दुपारी ते गेले. फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्यांची टिपणे क्लिफर्ड पोप यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली.

असे का झाले? हे विष रक्त गोठवणारी यंत्रणा विनाकारण चालू करते. ठिकठिकाणी सूक्ष्म गुठळ्या होतात आणि त्यांत रक्तातले फायब्रिनोजेन हे प्रथिन संपून जाते. मग खरी जखम झाली, तरी रक्त गोठत नाही. याला काही तास लागतात, आणि मधल्या काळात माणसाला आपण सुटलो असे वाटते. त्या नाश्त्याचा अर्थ हा होता.

पुढे १९७५ मध्ये जर्मन अभ्यासक रॉबर्ट मेर्टेन्स यांना त्यांच्याजवळ पाळलेला आफ्रिकेतलाच काटकीसाप चावला. त्याचेही विषदंत मागचेच. अठरा दिवसांनी ते वारले. बूमस्लँगवर दक्षिण आफ्रिकेत खास प्रतिविष तयार होते. काटकीसापावर मात्र प्रतिविष नाही.

दात कुठे आहेत, यावरून विष किती सहज टोचले जाईल हे कळते; ते किती जहाल आहे, हे कळत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच शब्दात बांधल्या आहेत. शिवाय 'निम' हे माप सापाचे नव्हेच. ते माणसाला आजवर आलेल्या अनुभवाचे आहे. सरड्याला विचारले, तर हरणटोळ पुरता विषारी आहे. तेव्हा फळ्यावर 'निमविषारी' लिहिताना शेजारी 'कोणाला?' असा प्रश्नही लिहू या. मुले उत्तर शोधतील, आणि अनोळखी साप हातात घेताना थबकतील.